दुसऱ्या भेटीचे पैसे: मटेरियल्स सायन्स शाळेत नेण्यासाठी निधी मिळवताना

गेल्या आठवड्यात अंतिम हिशेब मंजूर झाल्याची मेल आली आणि आमच्या विद्यार्थी गटाचा शाळा-उपक्रम कागदोपत्री पूर्ण झाला. मागच्या वर्षी जानेवारीत अर्जाचा फॉर्म पहिल्यांदा उघडला, तेव्हा आमच्यापैकी एकानेही कधी निधीसाठी अर्ज केलेला नव्हता. शोधनिबंध कसा लिहायचा हे गाइड शिकवतात, पण 'खर्चाचे समर्थन' या रकान्यात काय लिहायचं हे कोणी शिकवत नाही. पुढच्या कुठल्या तरी गटाचा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

हे काम का हाती घेतलं ते आधी सांगते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांचे शाळेत तास असतात. मटेरियल्स सायन्सचा, म्हणजे वस्तू ज्या पदार्थांच्या बनतात त्यांच्या शास्त्राचा, तास नसतो. स्प्रिंग वाकून परत जागेवर का येते, काच का फुटते, प्लास्टिक दुमडलं की पांढरं का पडतं, हे प्रश्न वेगवेगळ्या धड्यांच्या कडेला राहतात. त्यामुळे या शाखेत बहुतेक तीच मुलं येतात, ज्यांच्या घरात किंवा ओळखीत कोणी इंजिनिअर किंवा संशोधक असतो. बाकीच्यांनी ही शाखा नाकारलेली नसते, ती त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते. मुली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी मुलं, अपंग मुलं यांची गळती प्रवेशाचा फॉर्म भरायच्या कितीतरी आधी होऊन जाते. ही परिस्थिती बदलायची असेल तर शाळेत जायला हवं, आणि मुलांच्या वयाला जवळचे असलेले विद्यार्थी गेले तर मुलं जास्त मोकळेपणाने विचारतात, असं आमचं मत होतं. ते आता आणखी पक्कं झालं आहे.

अशा कामाला पैसे मिळतात हेच आधी अनेकांना माहीत नसतं. मटेरियल्स रिसर्च सोसायटीचं फाउंडेशन विद्यापीठांतल्या आपल्या विद्यार्थी शाखांना उपक्रमांसाठी अनुदान देतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचा वेगळा आउटरीच फंड आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ पासून संशोधन प्रस्ताव तपासताना त्याचा समाजावर होणारा व्यापक परिणाम हा स्वतंत्र निकष ठेवला आहे. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या मोठ्या प्रकल्पातही शाळांसाठीच्या कामाला जागा असू शकते. त्यामुळे बाहेर शोधायच्या आधी आपल्याच विभागात चौकशी करावी. आम्ही अर्ज केला तो एका आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थेच्या छोट्या अनुदानासाठी, जे फक्त विद्यार्थ्यांनी चालवलेल्या उपक्रमांना मिळतं.

जानेवारीत घोषणा आली आणि मार्चअखेर मुदत होती. फॉर्म हातात आला की प्रकल्पाचं वर्णन सोडून द्या आणि आधी 'काय मंजूर होणार नाही' हा भाग वाचा. आमच्या बाबतीत प्राध्यापकांचं मानधन, संगणक आणि संस्थेचा प्रशासकीय वाटा मंजूर होणार नव्हता. हा प्रशासकीय वाटा, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात, फार महत्त्वाचा आहे. बऱ्याच संस्था बाहेरून आलेल्या प्रत्येक निधीतून ठरावीक टक्के कापून घेतात. निधी देणारा त्याला परवानगी देत नसेल, तर आपल्या संस्थेकडून तशी सूट लेखी घ्यावी लागते. हे पत्र मुदतीच्या आठवड्यात मिळत नाही. आम्ही ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मागितलं आणि मार्चच्या मध्यावर हातात पडलं. त्यावर दोन विभागांच्या सह्या लागत होत्या आणि प्रत्येक विभागाला दुसऱ्याची सही आधी हवी होती. शेवटी आमच्या मार्गदर्शक मॅडम स्वतः कागद घेऊन गेल्या, तेव्हा काम झालं.

त्याच काळात आम्ही शाळांशी बोललो, आणि सगळा अर्ज तिथे बदलला. प्रस्तावाच्या कच्च्या मसुद्यात जास्तीत जास्त शाळा आणि प्रत्येक ठिकाणी एक जोरदार प्रात्यक्षिक असा बेत होता. एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "असे गट दरवर्षी येतात. मुलं टाळ्या वाजवतात, तुम्ही फोटो काढता आणि जाता. दुसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होतात, तेव्हा तुम्ही नसता. मला शाळा मोजणारे नकोत, परत येणारे हवेत."

आम्ही शाळांची संख्या कमी केली आणि प्रत्येक शाळेत वर्षभरात तीन भेटी ठरवल्या. संशोधनही बाईंच्याच बाजूने आहे. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या अस्पायर्स या अभ्यासात दहा ते चौदा वयाच्या मुलांना विचारलं गेलं. बहुसंख्य मुलांना विज्ञान आवडत होतं, पण शास्त्रज्ञ व्हायचं म्हणणारी जेमतेम १५ टक्के होती. म्हणजे आवड निर्माण करणं हा खरा अडथळा नाही. हे आपल्यासारख्यांचं काम आहे असं मुलाला वाटणं, कोणता रस्ता कुठे जातो हे ठाऊक असणं, तो रस्ता चाललेल्या एखाद्या माणसाशी ओळख असणं, हे कमी पडतं. एका तासाच्या प्रात्यक्षिकात ओळख होत नाही. प्रस्तावाचा मुख्य युक्तिवाद आम्ही हाच ठेवला, आणि परीक्षकांनी नंतर तोच भाग उचलून धरला.

शाळेचं पाठिंब्याचं पत्र लवकर मागा. मुख्याध्यापकांना परीक्षा, तपासण्या, बैठका असतात. कोरं पत्र मागण्यापेक्षा मसुदा करून द्या, पण त्यात शाळेची गरज शाळेच्याच शब्दांत येऊ द्या. आम्हाला मिळालेल्या सगळ्यात चांगल्या पत्रात स्तुतीचा एक शब्द नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत एकच बर्नर चालतो आणि मुलांना स्वतःच्या हाताने करायला काही मिळत नाही, एवढंच लिहिलेलं होतं.

आता अंदाजपत्रक. यावर थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक अर्ज इथे दुबळे पडतात. पैसे मागायचे म्हटलं की मनात आधी वस्तू येतात. पण मटेरियल्स सायन्स दाखवायला लागणाऱ्या चांगल्या वस्तू स्वस्त असतात. ध्रुवण करणाऱ्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या, फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना आडवे धरून मध्ये पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवली की तिच्यात साठलेला ताण रंगांत दिसतो, आणि बोटांनी दाबली की रंग सरकतात. बाळांच्या डायपरमधली पांढरी भुकटी पाणी शोषून जेल होते आणि मीठ टाकलं की तेच पाणी सोडते. केसांच्या पोलादी पिना, चिमटा आणि बर्नर एवढ्यावर उष्णता-प्रक्रियेचा अख्खा धडा होतो. द्रव नायट्रोजन सगळ्यांना हवा असतो. तो आम्ही मागितलाच नाही. उणे १९६ अंशांचा हा द्रव वायू होताना सुमारे सातशे पट फुगतो आणि बंद खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो. त्याची वाहतूक, परवानगी आणि विमा यांत आमचा अर्धा हंगाम गेला असता.

सामान एकूण रकमेच्या पाचव्या भागातच बसलं. उरलेले पैसे मुख्यतः तीन गोष्टींसाठी मागितले: प्रवास, मुलांना आमच्या प्रयोगशाळेत आणण्यासाठी बस, आणि स्वयंसेवक विद्यार्थ्यांचं मानधन.

मानधनावरून आमच्यातच वाद झाला. समाजासाठी काम करतो त्याचे पैसे कसे घ्यायचे, असं काहींना मनापासून वाटत होतं. तेव्हा गटातला एक मुलगा बोलला. तो संध्याकाळी नोकरी करून फी भरतो. तो म्हणाला, "फुकट काम करणं मला परवडत नाही. मग शाळेत कोण जाणार? ज्यांना परवडतं ते. मुलांना पुन्हा तेच चेहरे दिसणार." यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. सहभाग वाढवायचा म्हणतो तेव्हा तो वर्गातल्या मुलांचा जसा, तसाच समोर उभ्या राहणाऱ्यांचाही. समर्थनाच्या रकान्यात आम्ही तासांचा हिशेब मांडला: तयारी, प्रवास, वर्ग, नंतरची नोंद. विद्यापीठात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला जो दर मिळतो तोच लावला. हे वाक्य जरूर लिहा. दर कुठून आला हे सांगितलं की प्रश्न येत नाहीत.

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावतं, हे सीनिअरनी सांगितलं होतं आणि ते खरं आहे.

मग वाट बघणं. एप्रिल, मे, जून. या काळात मन खातं, पण तो मोकळा नसतो. मुलांसोबत काम करायचं तर बालसुरक्षेचं प्रशिक्षण, स्वयंसेवकांची पडताळणी, आणि मुलांकडून काही लिहून किंवा काढून घ्यायचं असेल तर नीतिसमितीची मान्यता लागते. ही मान्यता मिळायला आमच्या मंजुरीपेक्षा जास्त वेळ लागला. पालकांची संमतीपत्रं दोन वेगळी ठेवा, एक सहभागासाठी आणि एक फोटोसाठी. एकाच कागदावर दोन्ही घातलं की फोटो नको असलेले पालक अख्ख्या उपक्रमालाच नाही म्हणतात.

जूनअखेर उत्तर आलं. अर्ज मंजूर झाला होता, पण मागितलेल्या रकमेच्या साधारण दोन तृतीयांश. सुधारित अंदाजपत्रक आठवड्यात पाठवायचं होतं. आनंद झाला आणि लगेच पोटात गोळाही आला. काय कापायचं यावर गटाची लांबलचक बैठक झाली. सगळीकडून थोडंथोडं कापणं सोपं वाटतं, पण तसं केलं असतं तर तिसरी भेट गेली असती. आम्ही छापील पुस्तिकेची रंगीत छपाई काढली, सामानाचे दोन संच एकावर आणले आणि एक शाळा पुढच्या वर्षावर ढकलली. त्या शाळेला फोन करणं या सगळ्या प्रवासातलं मला सर्वांत जड गेलेलं काम होतं. तीन भेटी आणि मानधन मात्र जसंच्या तसं ठेवलं.

पैसे प्रत्यक्ष यायला सप्टेंबर उजाडला. संस्थेत नवं खातेशीर्ष उघडावं लागतं, त्याशिवाय एकही बिल लागत नाही. लेखा विभागात पहिल्याच भेटीत विचारून घ्या: आगाऊ रक्कम मिळते की आधी खर्च करून परतावा मिळतो? परतावाच असेल तर कोणत्याही विद्यार्थ्याच्या खिशातून मोठा खर्च होऊ देऊ नका. बससाठी आम्ही विभागामार्फत थेट देयक करायला लावलं. खरेदीला तीन कोटेशनं लागली. आकार लक्षात ठेवणारी तार, म्हणजे निटिनॉल, विकणारे फारसे नसल्याने तिसरं कोटेशन मिळायला वेळ गेला.

निटिनॉल मागवणार असाल तर कोणत्या तापमानाला ती मूळ आकारात परतते हे आधी विचारा. काही तारा खोलीच्या तापमानालाच अतिलवचिक असतात. त्या वाकवल्या की लगेच सरळ होतात आणि गरम पाण्याचा प्रयोग होतच नाही. ४५ अंशांच्या आसपास बदलणारी तार घ्या, म्हणजे साध्या गरम पाण्यात काम होतं. अमेरिकेच्या नौदलाच्या ऑर्डनन्स प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर या मिश्रधातूवर काम करत होते, आणि नावातला 'नॉल' त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून आला. एका बैठकीत घड्या घातलेल्या पट्टीला कोणीतरी लायटर लावला आणि ती सगळ्यांसमोर ताणून सरळ झाली. ही गोष्ट मुलांना फार आवडते, कारण बैठकीतल्या एखाद्याच्या कुतूहलातूनही शोध पुढे जातो हे तिच्यात दिसतं.

ऑक्टोबरमध्ये पहिली भेट. पिनांची टोकं प्लास्टिकची असतात. ती आधी काढून टाका, नाहीतर वर्गात जळका वास भरतो. एक पिन आहे तशी ठेवायची. दुसरी लालभडक तापवून हवेत सावकाश निवू द्यायची. तिसरी तितकीच तापवून पटकन पाण्यात बुडवायची. तापवणं आम्ही केलं आणि थंड झालेल्या पिना मुलांच्या हातात दिल्या. एका वर्गात एक दृष्टिहीन मुलगी होती. तिने तिन्ही पिना अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू वाकवल्या. तिसरी टक्‌ करून तुटली तेव्हा ती थांबली, तुटलेल्या टोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ताई, पहिली वाकून परत येते. दुसरी वाकून तशीच राहते. तिसरी वाकायच्या आधीच तुटते. पण तिन्ही एकाच पाकिटातल्या ना?" लवचिक, आकार्य (वाकवलं की तसंच राहणारं) आणि ठिसूळ या तीन गुणांची व्याख्या फळ्यावर लिहायची होती. ती तिने करून टाकली होती, आणि पुढचा खरा प्रश्नही विचारला होता. पदार्थ तोच, मग आत काय बदललं?

त्या प्रश्नाचं उत्तर चित्रात देऊन तिला उपयोग नव्हता. दुसऱ्या भेटीसाठी लाकडी मणी चिकटवून लोखंडातल्या अणूंच्या मांडणीचे हाताने चाचपता येतील असे नमुने करायचे ठरलं. पैसे छपाईच्या शीर्षात होते, सामानाच्या नाही. इथे एक लक्षात ठेवा: एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम हलवायची तर खर्च करण्याआधी निधी देणाऱ्यांना लिहा. आम्ही चार ओळींची मेल पाठवली, कारण सांगितलं आणि काही दिवसांत होकार आला. हे लोक सहसा समजूतदार असतात. खर्च करून मग परवानगी मागितली की मात्र हिशेब अडकतो. त्या नमुन्यांभोवती पुढे सगळ्याच मुलांनी गर्दी केली. डोळस मुलांनाही कागदावरच्या आकृतीपेक्षा ते लवकर समजले.

दोन भेटींच्या मध्ये बाईंनी स्वतःहून एक गोष्ट केली. वर्गात एक खोका ठेवला आणि मुलांना मोडलेल्या वस्तू आणायला सांगितल्या. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा तो भरलेला होता: पेनातली स्प्रिंग, तुटलेली चप्पलची पट्टी, कपाचा कान, चष्म्याची काडी, डब्याच्या झाकणाची बिजागरी. मुलांनी त्या कशा तुटल्या यावरून ढीग केले. झाकणाच्या घडीवर पांढरी रेघ का येते, हा प्रश्न एका मुलाने आणला. ताण पडला की आत अगदी बारीक पोकळ्या तयार होतात आणि त्या प्रकाश विखुरतात, हे आम्ही सांगितलं. तो तास आम्ही आखलेला नव्हता, मुलांनी आखला होता. पहिल्या भेटीत असं झालं नसतं.

तिसऱ्या भेटीत मुलं आमच्याकडे आली. त्यांच्याच खोक्यातल्या स्प्रिंगचं तुटलेलं टोक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. यंत्राच्या वेळेचं शुल्क अंदाजपत्रकात धरलं होतं. अंतर्गत विद्यार्थ्यांना फुकट असलं तरी बाहेरच्या गटासाठी ते लागू शकतं, म्हणून आधी विचारा. सोबत आलेल्या काही पालकांनी जे प्रश्न विचारले, ते मुलांच्या प्रश्नांइतकेच महत्त्वाचे होते. याला फी किती? गणित कितपत लागतं? पुढे काम कुठे मिळतं? बॅटऱ्या, सांध्यांची कृत्रिम रोपणं, विमानांची इंजिनं, चिप, पुनर्वापर, असं सांगत गेलो, आणि नोकरी करून फी भरणारा आमचा तो मुलगा त्यांच्याशी सर्वांत जास्त वेळ बोलला.

मूल्यमापनासाठी आम्ही पहिल्या आणि शेवटच्या भेटीत मुलांना 'वस्तू कशाच्या करायच्या हे ठरवणारी व्यक्ती' काढायला सांगितली. ज्यांना चित्र शक्य नव्हतं त्यांनी तोंडी वर्णन केलं. ही कल्पना डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३ च्या अभ्यासावरून घेतली. त्यात ४,८०७ मुलांनी शास्त्रज्ञाचं चित्र काढलं आणि बाई फक्त २८ चित्रांत होती. ती सगळी चित्रं मुलींची होती. नंतरच्या दशकांत हे प्रमाण बरंच सुधारलं. आमच्या कागदांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. अहवालात या उपक्रमामुळे अमुक इतकी मुलं शाखेकडे वळली असा दावा आम्ही केला नाही, कारण ते कळायला अनेक वर्षं जातात. चित्रांत काय बदललं आणि कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, एवढंच लिहिलं. निधी देणाऱ्यांनी त्यावर एकही शंका काढली नाही.

शेवटचा टप्पा हिशेबाचा. बसच्या टोलच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, आणि उष्णतेने उमटलेली ती अक्षरं काही महिन्यांत फिकी पडतात. पावती मिळाली की त्याच दिवशी फोटो काढा आणि मागे कोणत्या भेटीची ते लिहा. मानधनाच्या पावत्यांवर तासांची नोंद आणि मार्गदर्शकांची सही घ्या. आमचा हिशेब एकदा शंका विचारून परत आला तो याच सहीसाठी, आणि त्यात आणखी काही आठवडे गेले.

गटप्रमुखपद मी आता सोडलं आहे, कारण माझा प्रबंध सादर करायची वेळ झाली. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने काम घेतलं. तिला अर्ज, नाकारलेल्या ओळींसह दोन्ही अंदाजपत्रकं, संमतीपत्रांचे नमुने, ओव्हरहेडमधून सूट देणारं पत्र आणि कोणत्या कामाला किती दिवस लागले याचा तक्ता एकाच फोल्डरमध्ये दिला. नव्या गटाचा अर्ज याच महिन्यात गेला. गेल्या वर्षी मागे ठेवलेली शाळा त्यात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि पालकांसाठी एक संध्याकाळ त्यांनी स्वतःहून जोडली आहे, तिच्या खर्चासकट.